दुधाच्या हिशेबाशेजारचा आकडा: पाळीआधीचे दिवस आणि आपले ऋतू

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाचा हिशेब असतो. रोजच्याइतकं घेतलं तर चौकोन कोरा, अर्धा लिटर जास्त घेतलं तर अधिकची खूण, खाडा झाला तर फुली. ही सासूबाईंची पद्धत. त्याच चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली चार वर्षं मी रोज रात्री पेन्सिलीने दिवस कसा गेला याचा एक आकडा लिहिते, एक ते सहापैकी. पाळी आली की त्या तारखेभोवती गोल. एवढंच. पण या आकड्यांनी मला माझ्याबद्दल जे सांगितलं ते त्याआधीच्या पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती रीत इथे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची अकोल्याची, नोकरी बँकेत. सदतिसाव्या वर्षी रत्नागिरीला बदली झाली. पाळीआधी चार-पाच दिवस चिडचिड, छाती जड, झोप तुटक, हे कॉलेजपासूनचं होतं आणि मी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. रत्नागिरीतल्या पहिल्या आषाढात मात्र वेगळंच झालं. काउंटरवर एका आजोबांनी पासबुक भरून द्या म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या शनिवार-रविवारी मी अंथरुणातून उठले नाही. ‘मी नसले तर यांचं बरं चालेल’ असा विचार अगदी शांतपणे, जणू हिशेब जुळल्यासारखा, मनात आला. मंगळवारी पाळी आली आणि बुधवारी तो विचार दुसऱ्या कुणाचा असावा इतका परका वाटला. हे जास्त भीतिदायक होतं.

पहिल्या डॉक्टरांनी ‘बायकांना असतंच हे’ म्हणून टॉनिक लिहून दिलं. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी एकच प्रश्न विचारला: ‘कुठल्या तारखांना?’ मला सांगता आलं नाही. ‘दोन महिने रोज लिहा, मग या,’ म्हणाल्या. आजवर मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

नोंद कशी ठेवायची

दोन महिने हा आकडा त्यांनी उगाच सांगितला नव्हता. पाळीआधीच्या त्रासाचं जे तीव्र रूप असतं, ज्याला पीएमडीडी म्हणतात, त्याचं निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार पाळीच्या किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदींवरून पक्कं करायचं असतं. आठवणीवर विसंबायचं नाही, कारण आठवण फसवते. पाळी आल्यावर विचारलं तर सगळा महिनाच वाईट गेला असं वाटतं, आणि दहाव्या दिवशी विचारलं तर ‘काही नाही हो, थोडी चिडचिड होते’.

पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशीचा नुसता डाग धरायचा नाही. तिथून एक, दोन, तीन असं मोजत जायचं, पुढची पाळी येईपर्यंत.

रात्री झोपताना एक आकडा लिहा. एक म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे कामं अडली, माणसांशी बिनसलं, उठवत नव्हतं. डॉक्टर वापरतात त्या तक्त्यातही एक ते सहा अशीच मापं असतात. त्यात लक्षणं बरीच असतात. एवढं रोज भरणं माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणून मी मनाचा एक आकडा ठेवला आणि शरीरासाठी अक्षरं: डो म्हणजे डोकं, पो म्हणजे ओटीपोट, छा म्हणजे छाती, झो म्हणजे झोप झाली नाही. तुम्हाला नेहमी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तुमची अक्षरं तुम्ही ठरवा.

त्या दिवशी बाहेर काय होतं याचीही एक खूण हवी. दिवसभर ऊन दिसलं नाही तर मी आकड्याखाली आडवी रेघ मारते. रात्री उकाड्याने जाग आली तर टिंब. उपास असेल तर ‘उ’. बँकेत रात्री आठपर्यंत बसावं लागलं तर ‘बँ’. ही बाहेरची खूण माझी स्वतःची भर आहे आणि माझ्यासाठी सगळं गूढ तिनेच उकललं. दोन महिन्यांत पाळीचा आलेख कळतो. ऋतूंचा कळायला वर्ष लागतं, त्याला इलाज नाही.

मोबाइलमध्ये ॲप आहेत, मुली वापरतात, चांगलंच आहे. मला भिंतीवरचं कॅलेंडर बरं वाटतं कारण त्यावर तिथी आहे, एकादशी आहे, मार्चअखेर आहे आणि माझं वर्ष त्यावरच चालतं. चार माणसांत उघडं पडायला नको असेल तर आकडे कुणाला कळत नाहीत. सासूबाईंना सहा महिने तो दुधाचाच काहीतरी हिशेब वाटत होता.

वाचायची कशी

महिना संपला की आधी पाळी संपल्यानंतरचा आठवडा बघा, साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत. हा आठवडा म्हणजे मोजपट्टीचं शून्य. तिथे एक-दोन असतील आणि पाळीआधीच्या आठवड्यात चार-पाच, आणि असं दर महिन्याला होत असेल, तर त्रास पाळीच्या चक्राचा आहे. पण पाळीनंतरच्या आठवड्यातही तीन-चारच असतील तर मूळ दुखणं दुसरं आहे आणि पाळी त्यावर फक्त मीठ चोळते आहे. ते नैराश्य असेल, थायरॉइड असेल, रक्त कमी असेल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय सापडला होता. थकवा आणि किरकिर हॉर्मोन्सच्या नावावर टाकण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घ्या. माझं हिमोग्लोबिन तेव्हा ९.८ होतं, हे लिहायलाच हवं. गोळ्या घेऊन ते बाराच्या वर गेल्यावर माझा थकवा निम्मा झाला. आषाढातली उदासी मात्र गेली नाही.

आता आत काय चालतं ते थोडक्यात. पाळीनंतर इस्ट्रोजेन चढत जातं. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीजांड बाहेर पडतं, आणि ते जिथून सुटलं ती जागा प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते. आठवडाभराने ते सगळ्यात वर असतं, आणि गर्भ राहिला नाही तर शेवटच्या दिवसांत दोन्ही हॉर्मोन्स झपाट्याने खाली येतात. चक्र तीस दिवसांचं असो की पस्तीसचं, हा मागचा टप्पा बहुतेकींचा दोन आठवड्यांच्या आसपासच राहतो, लांबतो तो पुढचा. म्हणून बीजांड सुटायचा दिवस पाळीपासून पुढे न मोजता पुढच्या पाळीपासून मागे मोजतात.

मला वाटायचं, माझ्यात हॉर्मोन्स बिघडलेत. रक्त तपासलं तर सगळं ठीक. डॉक्टर बाईंनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तो झाला आणि १९९८ साली छापून आला. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांची बीजकोषाची हॉर्मोन्स औषधाने बंद केली, तर बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर तो परत आला. ज्यांना असा त्रास कधीच नव्हता, त्यांना तीच हॉर्मोन्स तशीच दिली, त्यांना काही झालं नाही. म्हणजे हॉर्मोन तेच, प्रमाण तेच, मेंदूचं त्याला उत्तर वेगळं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो. तो मेंदूत जिथे काम करतो ती जागा मन शांत करणारी आहे, पण काहींच्या मेंदूला त्याची चढउतार सोसत नाही.

हे कळल्यावर मला रडू आलं, पण ते वेगळं रडू होतं. ‘मनाला लावून घेतेस’ हे मी बारा वर्षांची असल्यापासून ऐकत आले होते.

आपला अंधार आषाढात असतो

पहिलं वर्ष पूर्ण झालं तेव्हा मी बारा पानं जमिनीवर ओळीने मांडली. पाळीआधीच्या आठवड्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीन, कधी चार. मे महिन्यात चार. जुलै-ऑगस्टात पाच आणि एकदा सहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाळीनंतरचा चांगला आठवडा, जो एरवी एकचा असतो, तो जुलैत दोनचा आणि ऑगस्टात दोन-तीनचा होता. तिथे मला कळलं. पाळीआधीचा त्रास पावसाने जन्माला घातला नव्हता, पावसाने त्याच्या खालची जमीनच वर उचलली होती. त्यावर रोजचीच लाट आली तरी पाणी डोक्यावरून जायचं.

ऋतूबरोबर येणाऱ्या उदासीला १९८४ साली डॉक्टर नॉर्मन रोझेन्थाल यांनी नाव दिलं. ते स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या लख्ख उन्हातून अमेरिकेत गेले होते आणि तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो हे त्यांना जाणवलं होतं. अकोल्याहून रत्नागिरीला आलेल्या मला हे वाचून फार जवळचं वाटलं. पुढे व्हँकुव्हरच्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांमध्ये ऋतूप्रमाणे मन खालीवर होण्याचं प्रमाणही जास्त दिसतं.

पण हे सगळं लेखन हिवाळ्याबद्दल आहे. डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस सहा तासांच्या आसपास असतो. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा १३ तासांचा, फरक जेमतेम दोन तासांचा. आपला उजेड कमी होतो तो ढगांनी. मुंबईच्या सरासरीत मे महिन्यात जवळपास ३०० तास ऊन पडतं आणि जुलै-ऑगस्टात महिन्याला ७५ तासांच्या आसपास. म्हणजे दिवस मोठा असून ऊन चौथा हिस्सा. हिवाळ्यातल्या उदासीवरचे इंग्रजी लेख वाचून ‘डिसेंबरात काळजी घ्या’ असं आपल्या मुलींना सांगण्यात अर्थ नाही. डिसेंबर हा आपल्याकडचा उजळ, कोरडा, कामाला हुरूप देणारा महिना आहे. कोकणात, घाटमाथ्यावर, मुंबईत राहणाऱ्या जिला पाळीआधीचा त्रास आहे तिने आषाढ-श्रावण जपायचे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला असलेली माझी मामेबहीण मात्र नोव्हेंबरपासूनच तयारीला लागते, तिचं ते बरोबर आहे.

मी पावसाळ्यात काय करते ते सांगते. सकाळचा चहा घरात पीत नाही. पावणेसात ते सव्वासात पडवीत, बाहेर तोंड करून, पाऊस असला तरी. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो. ढगाळ सकाळीसुद्धा उघड्यावर हजाराच्या वर जातो. डोळ्यांना हवा असलेला उजेड हाच, आणि सकाळचा. उजेडाच्या पेट्याही मिळतात, १०,००० लक्सच्या, त्यासमोर सकाळी अर्धा तास बसायचं. हिवाळी उदासीवर त्यांचा उपयोग सिद्ध आहे, पाळीआधीच्या त्रासावर झालेले अभ्यास लहान आहेत. मी घेतली नाही. पडवी फुकट आहे.

बँकेत साहेबांना सांगून टेबल खिडकीशी घेतलं. कारण सांगितलं नाही, ‘डोळ्यांना त्रास होतो’ म्हटलं. आता लिहिताना वाटतं, खरं सांगायला हवं होतं. संध्याकाळी पाऊस थोडा ओसरला की छत्री घेऊन थिबा पॅलेसच्या रस्त्याने चाळीस मिनिटं चालायचं. पाळीआधीच्या आठवड्यात हे सगळ्यात नकोसं वाटतं, म्हणून शेजारच्या वहिनींशी आधीच ठरवून ठेवते, त्या हाक मारतात. एकटीच्या इच्छेवर त्या आठवड्यात काहीच सोडायचं नाही.

आणि कोकणातल्या पावसाळ्यात पाळीत कपड्याची घडी वापरणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट. कपडा घरात दांडीवर वाळत नाही, दमट राहतो, आणि दमट घडीने खाज, पुरळ, बुरशी होते. मग त्या आठवड्याची चिडचिड वेगळ्याच कारणाने वाढते. जून ते सप्टेंबर निदान पुरते वाळलेले दुप्पट कपडे तयार ठेवा, इस्त्री फिरवा, किंवा तेवढे महिने पॅड वापरा. हे अगदी घरगुती वाटेल, पण आमच्या कामवाल्या ताईंची पावसाळ्यातली निम्मी तक्रार एवढ्याने गेली.

मे महिन्यातली झोप

उन्हाळ्याचं गणित निराळं. तिथे उजेड भरपूर असतो, जाते ती झोप. बीजांड सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशांनी वर राहतं, पाळी येईपर्यंत. गाढ झोप लागायला अंग थोडं थंड व्हावं लागतं. मे महिन्यात मुलांना घेऊन मी माहेरी अकोल्याला जाते. तिथे दुपारी ४४ अंश आणि रात्री दोनलाही भिंती तापलेल्या. त्यात पाळीआधीचा आठवडा आला की झोप तीन-तीन तासांची, आणि तीन तास झोपलेली बाई पाचच्या आकड्यावर जायला वेळ लागत नाही. माझ्या नोंदीत मे महिन्यातला पाचचा प्रत्येक आकडा टिंबानंतरच्या दिवशी आहे. एकही अपवाद नाही.

म्हणून त्या आठवड्यात झोपेआधी आंघोळ, गच्चीवर किंवा कूलरसमोर जागा माझी, आणि हे आईला स्पष्ट सांगितलेलं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात उत्तम चालतो कारण हवा कोरडी. रत्नागिरीत तोच कूलर घाम वाढवतो, तिथे पंखा आणि ओला पंचा बरा. दुपारी जेवण टाळायचं नाही. पाळीच्या दोन दिवस आधीपासून ते तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन उतरल्यामुळे अर्धशिशी उठते, आणि ऊन, उपाशी पोट, कमी पाणी ही तिन्ही तिला हाक मारणारी. मी नाचणीची आंबील सकाळी अकराला पिते, तहान लागायची वाट बघत नाही. वाळवणाच्या दिवसांत पापड, कुरडया, लोणचं यांचा मीठसाठा वाढतो, माझी तरी बोटं आणि पोट त्या आठवड्यात फुगतात, तर तेवढे दिवस ताटात एकच खारट गोष्ट.

उष्णतेने पाळी लवकर येते असं आमच्याकडे सगळ्या म्हणतात. सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला झालेल्या एका अभ्यासात, जो २०११ साली आला, उन्हाळ्यात चक्र जेमतेम एका दिवसाने आखूड आढळलं होतं, आणि तिथला हिवाळा-उन्हाळ्याचा फरक आपल्या कितीतरी पट. माझ्या चार वर्षांच्या गोलांमध्ये मे आणि डिसेंबरच्या अंतरात काही फरक नाही. आठ-दहा दिवसांनी पुढेमागे होत असेल तर आंब्याला दोष देऊ नका, दाखवून घ्या.

थंडीबद्दल फार लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. पोटातली कळ मात्र मला थंडीत जास्त बोचते. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनतात, ती गर्भाशय आवळतात, तीच कळ. शेक खरोखर काम करतो. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर धरायची, कपडा मध्ये घालून. वेदनाशामक गोळी घ्यायची तर कळ शिखराला पोचण्याआधी, जेवून घ्यावी, कारण ती प्रोस्टाग्लँडिन बनण्याचं काम थांबवते, बनून गेलेल्याचं नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचं दुखणं किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नको. मेफेनॅमिक ॲसिड ही वेदनाशामक गोळी आपल्याकडे बायका गोळ्या-बिस्किटांसारखी घेतात. इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल सावध केलं होतं. गोळीनंतर ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं काही झालं तर गोळी बंद आणि थेट डॉक्टरकडे.

संक्रांतीचे तीळ आठवले म्हणून कॅल्शियमबद्दल एक. १९९८ साली अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती, रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तीन चक्रं. तिसऱ्या चक्रापर्यंत कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास जवळपास निम्म्याने उतरला, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांचा तीस टक्क्यांनी. फरक खरा आहे, पण नुसत्या गोळीनेही बरं वाटतं हेही खरं. मी कॅल्शियमची गोळी घेत नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त, दूध-दही आहेच. तिळाची चटणी आमच्याकडे जानेवारीपुरती नसते, वर्षभर असते.

कामाचे आणि सणांचे ऋतू

हवेइतकाच दुसरा ऋतू असतो, कामाचा. माझ्या पानांवर मार्चमध्ये ‘बँ’ची रांग आहे आणि आकडा चार. हवा छान, उजेड छान, तरी चार. शाळेतल्या बाईंचा तो एप्रिल असेल, शेतावर राबणाऱ्या बाईचा पेरणी किंवा काढणीचा. हवामान बदलता येत नाही, पण अंदाज घेता येतो. कॅलेंडरावर पुढची पाळी मोजून तिच्या आधीच्या पाच दिवसांना मी पेन्सिलीने कंस घालते. ऑडिटची तारीख, मुलीच्या शाळेतली मीटिंग, नणंदेशी वाटणीचं बोलणं, यातलं जे हलवता येतं ते कंसाबाहेर. दिवाळीच्या फराळाचं चकलीचं पीठ कंसात आलं तर चकली विकत.

श्रावण ते कार्तिक उपासांचे महिने. उपास करा, माझाही सोमवार असतो. पण पाळीआधीच्या आठवड्यात दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा हे मला झेपत नाही, हे चार वर्षांच्या ‘उ’नी सांगितलं. आता त्या आठवड्यातल्या उपासाला दर तीन तासांनी काहीतरी, दाण्याचा लाडू, ताक, राजगिऱ्याची भाकरी.

आणि गौरी-गणपती. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दल बोललंच पाहिजे. भाद्रपदाच्या आधी केमिस्टकडे रांग लागते. ती गोळी नॉरएथिस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या हॉर्मोनची, सहसा पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करून रोज तीनदा घ्यायची, थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे जे हॉर्मोन उतरलं की तुमची सुटका होते, त्याच जातीचं हॉर्मोन तुम्ही आणखी दहा दिवस चालू ठेवता. ज्यांना मनाचा त्रास आहे त्यांचा तो लांबतो, माझा लांबला. गौरींपुढे बसून मी सहा लिहिला होता. शिवाय रक्ताच्या गुठळीचा इतिहास, काही प्रकारची अर्धशिशी, सिगारेट, जास्त वजन असेल तर ही गोळी धोक्याची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. यानंतर मी सासूबाईंशी बोलले. त्या गप्प राहिल्या, आणि पुढच्या वर्षी ‘तू नैवेद्य कर, मी ओवाळते’ म्हणाल्या. पाळी होती. त्यांनी एवढं केलं हे माझ्यासाठी फार मोठं आहे. ज्यांच्या घरी असं होणार नाही त्यांनी निदान गोळी घेतलेले दिवस कॅलेंडरावर वेगळ्या रंगाने लिहावेत, नाहीतर त्या महिन्याची नोंद चुकीची वाचली जाईल.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

पानं घेऊन जा. पाळीआधी कामं अडण्याइतका, नाती तुटण्याइतका त्रास असेल तर त्यावर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी औषधं नैराश्यात चार-सहा आठवड्यांनी गुण देतात, पाळीआधीच्या त्रासात काही दिवसांतच, आणि काही जणींना ती पाळीआधीचे दोन आठवडेच घ्यावी लागतात. मी जून ते सप्टेंबर अशीच घेते, डॉक्टर बाईंच्या देखरेखीखाली, बाकीचे महिने लागत नाहीत. हे कॅलेंडर नसतं तर मला वर्षभर घ्यावी लागली असती किंवा दिलीच नसती. ड्रोस्पिरेनोन नावाचं हॉर्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी हाही एक मार्ग आहे. बोलून करायचे उपचारही उपयोगी पडतात.

‘पिशवी काढून टाका, सुटाल’ हे ऐकू नका. हॉर्मोन्सची चढउतार बीजकोषातून होते. गर्भाशय काढलं आणि बीजकोष राहिले तर रक्तस्राव थांबतो, चक्र चालूच राहतं आणि मनाचा त्रासही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. हंगामात पाळीची विश्रांती मिळत नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून तरुण बायकांनी अवयव काढून घेतले. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

आणि तो शांतपणे येणारा विचार, ‘मी नसले तर’. तो आला तर पाळीची वाट बघत बसू नका, ‘दोन दिवसांत जाईल’ म्हणू नका. त्याच क्षणी घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. माझ्या कॅलेंडराच्या मागच्या पुठ्ठ्यावर तो लाल पेनाने लिहिला आहे.

दरवर्षी डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं की मी आधी जानेवारीचा गोल आणि कंस टाकते, मग जून ते सप्टेंबरच्या पानांवर वर कोपऱ्यात ‘पडवी’ असं लिहून ठेवते. जुनं कॅलेंडर गुंडाळी करून कपाटावर. चाळिशी ओलांडली की पाळी जाण्याआधीची काही वर्षं चक्र विस्कटतं आणि मनाचा त्रास पुन्हा वाढू शकतो, तेव्हा डॉक्टर विचारतील, आधी कसं होतं? तेव्हा त्या चार गुंडाळ्या खाली काढायच्या आहेत.